वाकड्या मानेचा इतिहास



नेवाशात बोलायला उभं राहिलं की कुणाच्याही तोंडी आधी ज्ञानेश्वरीचं नाव येतं, आणि ते रास्तच आहे. पण आज आम्ही सुरुवात या गावाच्या दुसऱ्या एका कीर्तीपासून करतो. १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलिया यांनी इथे प्रवरेकाठी उत्खनन केलं. दगडी हत्यारं सापडली, रंगीत खापरं सापडली, घराच्या जमिनीखाली कुंभांमध्ये पुरलेल्या लहान मुलांच्या अस्थीही सापडल्या. हाडांवरून वय कळतं, दातांवरून खाणं कळतं. पण त्या मुलांपैकी एखाद्याचे डोळे सारखे हलत असतील, तर ते कशावरून कळणार? डोळ्यांची हालचाल मातीत उरत नाही. ज्याचा अवशेष राहत नाही त्याचा इतिहास लिहायचा कसा, हा प्रश्न आम्हांला बरीच वर्षं छळतो आहे. आजचं व्याख्यान त्याच प्रश्नावर आहे.

विषय आहे जन्मजात निस्टॅग्मस. दोन्ही डोळ्यांची बुबुळं आपोआप, न थांबता, बहुतेक वेळा आडवी, सेकंदाला दोन-चार वेळा इकडून तिकडे हलत राहतात. आपल्याकडे लोक म्हणतात, ‘नजर ठरत नाही’, ‘डोळे थरथरतात’. इंग्लंडमधल्या लेस्टरशायर परगण्यात झालेली एक पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात सर्व प्रकारचे निस्टॅग्मस मिळून दर १०,००० माणसांमागे २४ असं प्रमाण निघालं. तेव्हा हा फार दुर्मीळ विकार म्हणता येत नाही. मोठ्या शाळेत असं एखादं मूल असू शकतं.

आता तत्त्वज्ञानाच्या माणसाने डोळ्यांच्या विकारावर का बोलावं, असं तुम्ही विचाराल. त्याचं कारण सांगणं आम्हांला भाग आहे. आम्ही एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत होतो. वर्गात एक मुलगा होता. तोंड खिडकीकडे आणि डोळे कोपऱ्यातून फळ्याकडे, असा तो कायम बसायचा. एके दिवशी आम्ही भर वर्गात म्हणालो, “अरे, फळा इकडे आहे. खिडकीबाहेर काय तर्क चाललाय?” वर्ग हसला. मुलगा सरळ बसला, आणि वर्षभर सरळच बसला. आम्हांला वाटलं, शिस्त लागली. पुढे पंधरा-सोळा वर्षांनी आमच्याच घरात नात जन्मली. तिसऱ्या महिन्यात तिचे डोळे हलू लागले, आणि वर्ष-दीड वर्षाची झाल्यावर तीही तशीच तोंड वळवून पाहू लागली. डॉक्टरांनी सांगितलं की तिची मान सरळ करायला जाऊ नका, त्या कोनातच तिला सगळ्यांत स्पष्ट दिसतं. तेव्हा तो मुलगा आठवला. त्या दिवशी आम्ही त्याला शिस्त लावली नव्हती, त्याचा फळा काढून घेतला होता.

तेव्हा हा इतिहास आम्ही तटस्थपणे सांगतो आहोत असं कृपया समजू नका.

सुरुवात नावापासून करू. ‘निस्टॅग्मस’ हा मूळ ग्रीक शब्द. त्याचा अर्थ पेंगणं, डुलक्या खाणं. बसल्या बसल्या झोप आलेल्या माणसाचं डोकं हळूहळू खाली जातं आणि झटका बसून वर येतं, तशी ही डोळ्यांची चाल, म्हणून हे नाव. म्हणजे नावातच आळसाचा आरोप आहे. ‘जन्मजात’ हे विशेषणही अगदी काटेकोर नाही, कारण ही हालचाल बहुधा जन्मानंतर पहिल्या काही महिन्यांत दिसू लागते. म्हणूनच २००१ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी नवं वर्गीकरण केलं तेव्हा ‘शैशवकालीन निस्टॅग्मस’ असा शब्द सुचवला. आम्ही मात्र सोयीसाठी जुनाच शब्द वापरतो.

पण डोळा हलणं हाच विकार आहे का? तसं नाही. तुम्ही एस.टी.त खिडकीशी बसलेल्या माणसाच्या डोळ्यांकडे बघा. बाहेरच्या झाडाबरोबर त्याचे डोळे हळूच मागे सरकतात, मग झटक्यात पुढे येऊन दुसरं झाड पकडतात. हाही निस्टॅग्मसच, आणि तो निरोगी माणसात असायलाच हवा. लहान मुलं गरगर फिरून थांबतात तेव्हा त्यांचे डोळेही असेच पळतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने या गोष्टी बारकाईने टिपल्या. कानातल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाचा डोळ्यांच्या या हालचालींशी संबंध उलगडल्याबद्दल रॉबर्ट बारानी यांना १९१४ चं नोबेल मिळालं.

याहून नवलाची गोष्ट १९५२ मध्ये पुढे आली. डिचबर्न आणि गिन्सबोर्ग या दोघांनी अशी युक्ती केली की डोळा हलला तरी चित्र त्याच्याबरोबरच हलावं, म्हणजे दृष्टिपटलावर ते एकाच जागी खिळून राहावं. काय झालं? थोड्याच सेकंदांत चित्र विरून जाऊ लागलं. निरोगी डोळासुद्धा टक लावून बघताना सूक्ष्म हलत असतो, आणि तसा हलतो म्हणूनच त्याला दिसत राहतं. पूर्ण स्थिर प्रतिमा डोळ्याला दिसेनाशी होते. म्हणजे स्थिर डोळा चांगला आणि हलता डोळा वाईट, ही विभागणी मुळातच कच्ची आहे. प्रश्न हालचाल किती आणि कशी, हा आहे.

इथे आमच्या विषयातला माणूस थबकतो. आपल्याकडे न्याय-वैशेषिकांनी चक्षू हे तैजस इंद्रिय मानलं. डोळ्यातून किरण निघतो, पदार्थाला जाऊन भिडतो, मग ज्ञान होतं. बौद्धांनी आणि जैनांनी हे नाकारलं. पदार्थाला न भिडताच डोळा पाहतो असं त्यांचं म्हणणं. वाद भिडण्याचा होता. पण दोन्ही पक्षांना एक प्रश्न विचारता येतो: डोळा हलतो तेव्हा जग का हलत नाही?

एक प्रयोग करून बघा. एक डोळा मिटा, दुसऱ्याच्या पापणीच्या बाहेरच्या कडेला बोटाने अगदी हलकेच ढकला. समोरची भिंत हलते. आता बोट काढा आणि स्वतः डोळा फिरवा. भिंत जागच्या जागी. दोन्ही वेळा डोळा हललाच, मग फरक कशाने पडला? हेल्महोल्त्स यांनी एकोणिसाव्या शतकात उत्तर दिलं की फरक इच्छेच्या प्रयत्नाचा आहे. १९५० मध्ये जर्मनीत फॉन होल्स्ट व मिटेलश्टेट यांनी आणि अमेरिकेत रॉजर स्पेरी यांनी स्वतंत्रपणे हेच प्रयोगाने मांडलं. मेंदू डोळ्याला ‘हल’ असा हुकूम देतो तेव्हा त्या हुकमाची एक प्रत स्वतःजवळ ठेवतो, आणि जेवढी हालचाल आपणच घडवली तेवढी चित्रातून वजा करतो. बोटाने ढकललं तर हुकूमच निघालेला नसतो, त्यामुळे वजाबाकी होत नाही.

हे सगळं इतक्या तपशिलात सांगितलं, कारण आई-बापांचा पहिला प्रश्न हाच असतो: ‘आमच्या बाळाला सगळं जग हलताना दिसतं का हो?’ उत्तर आहे, साधारणपणे नाही. जन्मापासून डोळे हलणाऱ्या माणसाला जग बहुधा स्थिरच दिसतं. त्याचा मेंदू सुरुवातीपासून ही वजाबाकी शिकलेला असतो. उलट मोठेपणी, मेंदूच्या किंवा कानाच्या आजाराने निस्टॅग्मस सुरू झाला तर जग हलताना दिसतं, भोवळ येते. अशा माणसाने वेळ न घालवता डॉक्टर गाठावा. एकाच नावाखाली या दोन अगदी वेगळ्या अवस्था आहेत, आणि त्यांची गल्लत अजूनही होते.

मग जन्मजात निस्टॅग्मसमध्ये अडतं कुठे? दृष्टिपटलाच्या मध्यावर एक अगदी बारीक जागा आहे. अक्षर वाचायचं, चेहरा ओळखायचा तर प्रतिमा त्या जागेवर पडायला हवी आणि क्षणभर टिकायला हवी. डोळा हलत असल्याने प्रतिमा तिथून निसटते. शिवाय पुष्कळ मुलांत मूळ दोष दृष्टिपटलात किंवा दृष्टीच्या नसेत असतो. अल्बिनिझममध्ये, म्हणजे शरीरात रंगद्रव्य कमी असतं तेव्हा, ती बारीक जागाच नीट घडलेली नसते. म्हणून डोळे हलताना दिसले की बालनेत्रतज्ज्ञाकडून पूर्ण तपासणी व्हायलाच हवी. ‘मोठा झाल्यावर जाईल’ म्हणून घरी बसू नये.

आता वाकड्या मानेकडे येतो. या हालचालीचा एक विशेष असा की ती सगळ्या दिशांना सारखी नसते. बऱ्याच जणांत नजरेचा एक ठरावीक कोन असतो, जिथे डोळे सर्वांत कमी हलतात. वैद्यकात त्याला ‘नल झोन’ म्हणतात; आपण त्याला ‘शांत कोन’ म्हणू. समजा, एखाद्या मुलीचा शांत कोन डावीकडे आहे. तिला समोरचं पाहायचं आहे, पण डोळे तर डावीकडे ठेवायचे आहेत. मग ती काय करते? तोंड उजवीकडे वळवते. झालं काम. हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. बोलता येण्याआधी तिने स्वतःवर उपचार शोधलेला असतो.

डोळ्यांच्या स्नायूंवर शस्त्रक्रिया तशी जुनी. बर्लिनच्या डिफेनबाख यांनी १८३९ मध्ये सात वर्षांच्या एका मुलाचा तिरळेपणा स्नायू कापून सुधारला. पण हलत्या डोळ्यांचं काय करावं हे त्यानंतर शंभरहून अधिक वर्षं कुणाला सुचलं नाही. १९५३ मध्ये, म्हणजे नेवाशात पहिली कुदळ पडण्याच्या आदल्या वर्षी, दोन माणसांनी एकमेकांपासून हजारो मैलांवर एकच कल्पना मांडली. एक आल्फ्रेड केस्टेनबाउम, दुसरे ऑस्ट्रेलियातले रिंगलँड अँडरसन. पाठोपाठ १९५४ मध्ये जपानमध्ये गोतो यांनीही.

कल्पना साधी होती. हालचाल थांबवता येत नाही ना? मग शांत कोनच समोर आणू. आपल्या उदाहरणातल्या मुलीचे दोन्ही डोळे शस्त्रक्रियेने उजवीकडे वळते बसवले. आता समोर पाहायला तिच्या मेंदूला तोच हुकूम द्यावा लागतो जो पूर्वी डावीकडे पाहायला द्यावा लागे. शांत कोन नाकासमोर आला, मान सरळ झाली. अँडरसन यांनी त्यासाठी स्नायू मागे सरकवून सैल केले, गोतो यांनी आखूड करून ताणले, केस्टेनबाउम यांनी दोन्ही केलं. १९७३ मध्ये मार्शल पार्क्स यांनी चार स्नायूंसाठी ५, ६, ७ आणि ८ मिलिमीटर अशी मापं ठरवून दिली. ती पुढे गरजेप्रमाणे वाढवली गेली. आपल्याकडे दिल्लीच्या एम्समध्येही अँडरसन यांची पद्धत वाढीव मापाने करून तिचा अभ्यास झाला.

यात आम्हांला जे महत्त्वाचं वाटतं ते असं. या शस्त्रक्रियेचं मूळ सूत्र सर्जनचं नाही, मुलाचं आहे. मुलाने मान वळवून जे साधलं होतं, तेच सर्जनने डोळे वळवून साधलं. वाकड्या मानेकडे खोड म्हणून पाहणं जोवर चालू होतं तोवर उपाय सापडला नाही. ‘हे मूल असं का करतं?’ असं विचारल्यावर तो सापडला.

याच इतिहासातलं दुसरं पाऊल तर खुद्द या विकारासह जगणाऱ्या माणसाने टाकलं. लुई डेल’ओसो हे विद्युत अभियंते. त्यांना स्वतःला जन्मजात निस्टॅग्मस. डोळ्यांची हालचाल मोजण्याची साधनं तोवर तयार होत आली होती. १९६३ मध्ये डेव्हिड रॉबिन्सन यांनी चुंबकीय क्षेत्रात डोळ्यावर बारीक तारेचं वेटोळं बसवून ती अचूक मोजण्याची रीत दिली होती. डेल’ओसो यांनी हलत्या डोळ्यांकडे अभियंत्याच्या नजरेने, एक नियंत्रण-यंत्रणा म्हणून पाहिलं आणि १९६८ मध्ये त्यावर डॉक्टरेट मिळवली. १९७५ मध्ये मज्जातज्ज्ञ रॉबर्ट डॅरॉफ यांच्यासह त्यांनी या हालचालींच्या आलेखांचं वर्गीकरण प्रसिद्ध केलं. त्यातून दिसलं की ही हालचाल बेशिस्त नाही. प्रत्येक झोक्यात डोळा क्षणभर लक्ष्यावर येऊन थबकतो, आणि मेंदू नेमका त्या क्षणी पाहून घेतो. तो थबकण्याचा क्षण जितका लांब आणि जितका स्थिर, तितकी नजर चांगली. म्हणजे उपचाराने साधायचं ते हालचाल शून्य करणं नव्हे, तो क्षण लांबवणं.

आम्ही सुरुवातीला विचारलं होतं की अवशेष न ठेवणाऱ्या गोष्टीचा इतिहास कसा लिहायचा. हे आलेख म्हणजे ते अवशेष.

याच आलेखांवरून आणखी एक गोष्ट लक्षात आली. केस्टेनबाउम-अँडरसन शस्त्रक्रियेनंतर शांत कोन नुसता सरकत नाही, तो रुंदही होतो. मग स्नायू कुठेही न सरकवता, फक्त जागेवरून सोडवून पुन्हा तिथेच शिवला तर? आधी एका बेल्जियन शीपडॉग जातीच्या कुत्र्यावर करून पाहिलं, मग रिचर्ड हर्टल यांच्यासह माणसांवर. १० प्रौढ रुग्णांचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि बहुतेकांत त्या थबकण्याच्या क्षणात सुधारणा दिसली. २००७ मध्ये लेस्टरच्या संशोधकांनी गॅबापेंटिन आणि मेमँटिन या औषधांनी हालचाल कमी होऊन नजर काहीशी सुधारते असं चाचणीत दाखवलं. अर्थात ही औषधं दुकानातून आणून घ्यायची नाहीत, ते तज्ज्ञाने ठरवायचं. आणि सगळ्यांत साधा, सगळ्यांत दुर्लक्षित उपाय म्हणजे योग्य नंबरचा चष्मा. या मुलांत चष्म्याचा नंबर पुष्कळदा असतोच.

हे सगळं असूनही निस्टॅग्मस समूळ बरा करणारा उपाय आज नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. तसं आश्वासन कुणी दिलं तर खिशाला हात घालू नका.

आता घरातल्या एका गोष्टीबद्दल. अशा मुलाची आधी दृष्ट काढली जाते, मीठ-मोहरी ओवाळली जाते. त्याने कुणाचं बिघडत नाही. बिघडतं ते पुढे, जेव्हा ‘गरोदरपणी ग्रहण पाळलं नसेल’ म्हणून बोट आईकडे वळतं. २००६ मध्ये एफआरएमडी-७ नावाचं जनुक सापडलं. काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या निस्टॅग्मसचं ते कारण आहे. ते एक्स गुणसूत्रावर असतं, त्यामुळे आईचे डोळे अगदी ठीक असले तरी ते तिच्याकडून मुलाकडे येऊ शकतं. हे ऐकून कुणी म्हणेल, ‘बघा, आईकडूनच आलं!’ तर्कशास्त्राचा मास्तर म्हणून आम्ही सांगतो, कारण आणि अपराध या दोन वेगळ्या कोटी आहेत. जनुक कुणी निवडून घेत नाही. ग्रहणाचा तर त्यात काडीचाही संबंध नाही.

शेवटी आपल्या शाळांबद्दल. २०१३ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात आपल्या महाराष्ट्रातून, पालघरहून झाली. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येऊन जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. नजरेचा दोष त्या यादीत आहे. पथक येईल तेव्हा अशा मुलाला पुढे करा. तिथे दोन गोष्टी आग्रहाने सांगा. पहिली, मानेला हात न लावता, मुलाला हवी तशी मान ठेवू देऊन नजर तपासा. दुसरी, दोन्ही डोळे उघडे ठेवूनही तपासा, कारण पुष्कळ मुलांत एक डोळा झाकला की दुसरा जास्त हलू लागतो आणि नजर आहे त्याहून वाईट मोजली जाते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात चष्मा लावून चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ च्या पुढे जात नसेल तर ती ‘अल्पदृष्टी’त मोडते. मोजणी एका ओळीने इकडची तिकडे झाली तर मुलाचा हक्क इकडचा तिकडे होतो.

आणि शिक्षकबंधू-भगिनींनो, तुमच्यासाठी तीन गोष्टी. हे मूल पुस्तक डोळ्यांजवळ धरून वाचतं आणि फळा दिसत नाही म्हणतं. ते ढोंग नसतं; जवळ पाहताना डोळे आत वळतात आणि पुष्कळांची हालचाल त्यामुळे कमी होते. तुम्ही ‘नीट बघ, नीट बघ’ म्हणून दटावाल तर डोळे आणखी हलतील, कारण ताणाने आणि धडपडीने ही हालचाल वाढते. आणि बसायची जागा त्याला निवडू द्या. शांत कोन डावीकडे असेल तर वर्गाच्या उजव्या बाजूला बसल्यावर फळा आपसूक डावीकडे येतो, मानेला कष्ट पडत नाहीत. याला पैसा लागत नाही, सरकारी परिपत्रकही लागत नाही.

इथून जवळच तो खांब उभा आहे, ज्याला टेकून ज्ञानदेवांनी गीताभाष्य सांगितलं अशी श्रद्धा आहे. त्याला आपण ‘पैस’ म्हणतो. पैस म्हणजे विस्तार, ऐसपैस मोकळी जागा. त्या मुलाला आम्ही ती दिली नाही. मान वळवायला फार तर वीतभर जागा लागली असती. तो आज कुठे आहे हे आम्हांला माहीत नाही, आणि त्याची माफी मागायची संधी आता बहुधा मिळणार नाही. पण हे व्याख्यान ऐकणाऱ्या कुणाच्या वर्गात, कुणाच्या घरात असं मूल असेल, तर त्याची मान सरळ करायच्या आधी त्याला एकदा विचारा, ‘असं बसलास की तुला काय दिसतं?’

 प्रश्न असतील तर घेऊ.